कुत्र्याचें पोट

धुळ्याहून सुरतेकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, कान नदीच्या कांठीं, साक्री हें तालुक्याचें गांव आहे. पूर्वेस धुळें सुमारें पंचावन्न किलोमीटर. पश्चिमेस कोंडाईबारीचा घाट आणि त्याच्या पलीकडे नवापूर. ह्या गांवाला कुत्र्यांचा तोटा नाहीं. ओट्यावर पडून गल्लीची राखण करणारा गांवठी कुत्रा आहे, कांद्याच्या चाळीपाशीं बांधलेला मळ्यांतला कुत्रा आहे, ठेलारी धनगरांच्या मेंढ्यांमागें माळ तुडविणारा दणकट कुत्रा आहे आणि अलीकडे शिक्षकांच्या, व्यापाऱ्यांच्या व नोकरदारांच्या घरीं गादीवर लोळणारा परदेशी जातीचा लांब केसांचा पाहुणाही आहे. चौघांचा आहार निराळा, दिनक्रम निराळा. धन्यांची एक तक्रार मात्र चारी ठिकाणीं सारखीच ऐकूं येते: कुत्र्याचें पोट बिघडलें.

ह्या तक्रारीच्या पोटांत फार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. पहांटे अंगणांत पिवळें पाणी ओकून लगेच शेपटी हलवीत येणारा कुत्रा, आणि पोट नगाऱ्यासारखें फुगून कोरडे उमासे काढणारा कुत्रा, ह्या दोघांनाही तेच शब्द लावले जातात. पहिल्याला रात्रीं झोपण्यापूर्वीं चतकोर भाकरी दिली कीं बहुधा काम भागतें. दुसरा उपचाराविना दिवस मावळेपर्यंत जगेल अशी खात्री कोणींही देऊं शकत नाहीं. हा भेद घरच्या माणसांना ओळखतां आला पाहिजे. कारण पशुवैद्य येतो तो नंतर, आणि कुत्र्याजवळ प्रथम असतात तीं घरचींच माणसें. भेद ओळखावयाचा तर पोटाच्या आंत काय चाललेलें असतें ह्याची थोडी कल्पना हवी.

पोटाच्या हालचालीविषयीं मनुष्याला जें ज्ञान झालें, त्यांतलें बरेंचसें कुत्र्यांकडूनच मिळालेलें आहे. रशियांतील इव्हान पाव्हलॉव्ह यांचें नांव घेतलें म्हणजे लोकांना घंटेचा नाद ऐकून लाळ गाळणारा कुत्रा आठवतो. पण १९०४ सालचें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें तें पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल. कुत्र्याची अन्ननलिका मानेपाशीं उघडून खाल्लेला घास बाहेर पडेल अशी योजना त्यांनीं केली होती. घास जठरापर्यंत पोंचतच नसे. तरीही कांहीं मिनिटांतच जठरांत पाचक रस पाझरूं लागे. म्हणजे जेवण पोटांत पडण्याच्या आधींच पोट जेवणाला बसलेलें असतें. त्या मुक्या जनावरांना काय सोसावें लागलें हें वाचतांना आज मन कचरतें, हेंही येथें सांगितलेलें बरें.

त्याच सुमारास अमेरिकेंत हार्वर्ड येथें वॉल्टर कॅनन ह्या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानें दुसरा प्रयोग केला. क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष लोटलें होतें. डिसेंबर १८९६ मध्यें त्यानें एका कुत्र्याला शिंपल्याचें बटण गिळावयास लावलें आणि तें अन्ननलिकेंतून खालीं सरकतांना डोळ्यांनीं पाहिलें. पुढें मांजराच्या अन्नांत क्ष-किरणांना न भेदतां येणारा पदार्थ मिसळून त्यानें जठरावरून जाणाऱ्या लाटा पाहिल्या. त्यांत त्याला एक विलक्षण गोष्ट आढळली. मांजर चिडलें किंवा घाबरलें कीं लाटा थांबत; त्याला थोपटून शांत केलें कीं त्या पुन्हां सुरू होत. दिवाळींत फटाक्यांचा आवाज सुरू झाला म्हणजे घरचा कुत्रा पलंगाखालीं शिरतो, जेवत नाहीं, आणि जेवलाच तर ओकून टाकतो. त्याचा उलगडा ह्या जुन्या प्रयोगांत सांपडतो. भ्यालेल्या जनावरापुढें ताट सरकवून आग्रह करण्यांत म्हणूनच अर्थ नसतो. जठराचें दार त्या वेळीं बंद असतें.

जठराचीं कामें दोन, आणि त्यांसाठीं त्याचे भागही दोन. वरचा भाग थैलीसारखा. अन्न येईल तसा तो सैल होत जातो आणि सांठा करून ठेवतो. खालचा भाग जात्यासारखा. कुत्र्याच्या जठरावर मिनिटाला सुमारें पांच लाटा उठतात. माणसाच्या जठरावर तीन. प्रत्येक लाट अन्नाला खालच्या दाराकडे ढकलते, दार किंचित् किलकिलें होतें, बारीक झालेलें अन्न आंतड्यांत उतरतें आणि जाडें भरडें पुन्हां मागें फेंकलें जातें. दोन मिलिमीटरहून मोठा कण जेवण चालू असतांना सहसा दारापलीकडे जात नाहीं. ह्यामुळें मोठें, स्निग्ध जेवण पूर्णपणें उतरावयाला आठ-दहा तास, कधीं त्याहूनही अधिक वेळ लागतो.

मग जें दळलेंच जात नाहीं त्याचें काय होतें? हाडाचा तुकडा, आंब्याच्या कोयीची साल, मुलाच्या चेंडूचें रबर? ह्याचें उत्तर उपाशी कुत्र्यांनीं दिलें. पाव्हलॉव्ह यांच्याच प्रयोगशाळेंतील बोल्दिरेव्ह ह्या संशोधकाला विसाव्या शतकाच्या आरंभीं असें दिसलें कीं, पोट रिकामें असतांनाही तें स्वस्थ नसतें. ठराविक अंतरानें त्याला हालचालीची उबळ येते. १९६९ साली अमेरिकेंत कुत्र्यांच्याच आंतड्यांवर विजेच्या बारीक तारा बसवून ह्या उबळीचा मार्ग नोंदला गेला. सुमारें दीड-दोन तासांनीं एक जोरकस लाट जठरांतून निघते आणि लहान आंतड्याच्या शेवटापर्यंत झाडून नेत जाते. घर झाडावें तसें पोट आपलें आपण झाडतें. त्या वेळीं खालचें दार मोठें उघडतें आणि मागें राहिलेली रद्दी पुढें जाते. मात्र ही झाडलोट पोट रिकामें झाल्यावरच होते. जो कुत्रा दिवसभर बिस्किटें, पोळीचे तुकडे, शेवेची चिमूट असें कांहीं ना कांहीं चघळत असतो, त्याच्या पोटाला झाडू मारावयास सवडच मिळत नाहीं. लाडक्या कुत्र्याच्या पोटाच्या अर्ध्या तक्रारी ह्या चरण्यांतून उपजतात, असें म्हटलें तर तें फारसें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

आतां पहांटेच्या पिवळ्या पाण्याकडे वळावें. रात्रीं आठला जेवलेला कुत्रा सकाळीं आठपर्यंत उपाशी राहतो. कांहीं कुत्र्यांत अशा लांब उपवासांत पित्त आंतड्यांतून मागें जठरांत येतें, जठराच्या अस्तराला झोंबतें आणि पिवळ्या फेसाची ओकारी होते. ओकल्यावर कुत्रा हुशार असतो, भूक असते, खेळतो. अशा कुत्र्याचें तेंच अन्न दोन ऐवजीं तीन वेळांत वांटावें आणि शेवटचा घांस निजण्याच्या वेळीं द्यावा. एवढ्यानेंच पुष्कळ वेळां ओकारी थांबते. थांबली नाहीं, किंवा कुत्रा वाळूं लागला, तर कारण निराळें आहे असें समजावें.

ओकारीचा आणखी एक प्रकार असा, कीं ती खरी ओकारीच नव्हे. खऱ्या ओकारींत कुत्रा आधीं अस्वस्थ होतो, लाळ गाळतो, ओंठ चाटतो, पोटाचे स्नायू आंत-बाहेर होतात आणि मग अन्न बाहेर येतें. दुसऱ्या प्रकारांत कसलीही पूर्वसूचना नसते. कुत्रा मान खालीं घालतो आणि न पचलेलें अन्न, कित्येकदां नळीच्याच आकाराचें, खालीं पडतें. हें अन्न जठरापर्यंत गेलेलेंच नसतें. दोष अन्ननलिकेच्या हालचालींत असतो. ती सैल पडून पिशवीसारखी झालेली असूं शकते. असें अन्न श्वासनलिकेंत शिरून फुफ्फुसाचा दाह होण्याची भीति असते. दवाखान्यांत "ओकतो" एवढेंच सांगितलें, तर वैद्य जठराची तपासणी करीत बसतो आणि दोष वर गळ्यापाशीं राहतो. दोहोंतला फरक पाहून सांगणें हें घरच्यांचेंच काम होय.

गवताविषयींही पुष्कळ गैरसमज आहे. कुत्र्यानें गवत खाल्लें म्हणजे त्याचें पोट दुखतें आणि तो स्वतः वमनाचें औषध घेतो, असें शहरांत आणि खेड्यांत सारखेंच मानतात. २००८ साली अमेरिकेंत पुष्कळ धन्यांना विचारून ह्याची पाहणी झाली, तेव्हां असें निघालें कीं गवत खाणारे बहुतेक कुत्रे आधीं आजारी दिसत नव्हते आणि पांचांतला सुमारें एकच नंतर ओकत असे. गवत खाणें ही कुत्र्याची जुनी आवड आहे. चिंता करावयाची ती गवताची नव्हे, त्यावर मारलेल्या कीटकनाशकाची; मळ्यांत राहणाऱ्या कुत्र्याच्या बाबतींत ही गोष्ट विसरतां येत नाहीं.

खान्देशच्या घरांत कुत्र्याला काय मिळतें? बहुतेक भाकरी. बाजरीची, ज्वारीची, कधीं उडीद घातलेल्या कळण्याची. कुत्रा मांसाहारी, त्याला भाकरी कशी पचेल, अशी शंका सुशिक्षितांना येते. परंतु कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश संशोधनानें दाखविलें कीं, माणसाच्या सोबतींत राहून कुत्र्याच्या अनुवंशांत पिष्टमय पदार्थ पचविण्याची शक्ति लांडग्याहून पुष्कळ वाढलेली आहे. शिजलेली भाकरी त्याला पचते. मात्र एकट्या भाकरीवर त्याचें पोषण होत नाहीं, तिच्यासोबत अंडें, मांस, ताक असें कांहीं हवें. दुधाची गोष्ट वेगळी. पिल्लूपण सरलें कीं दुधांतील साखर पचविणारा रस पुष्कळ कुत्र्यांत कमी होतो आणि वाटीभर दूध पाजल्यावर दुसऱ्या दिवशीं पातळ शौच होतें. त्याच कुत्र्याला ताक किंवा दहीं बहुधा सोसतें.

खरी भीति आहे ती कांद्याची. साक्री आणि पिंपळनेर हा कांद्याचा मुलूख. कांदा, लसूण, कांद्याची पात, हीं सर्व कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. शिजविल्यानें विष जात नाहीं. वाळवून केलेल्या काळ्या मसाल्यांतही तें राहतें. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागें पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटांत गेला तर रक्तांत बदल दिसूं लागतात. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे पुरे झाले. शिवाय थोडाथोडा रोज गेला तरी परिणाम सांठत जातो. प्रथम ओकारी, पातळ शौच. मग तीन-चार दिवसांनीं हिरड्या पांढऱ्या पडतात आणि लघवी तांबूस होते. तोंवर कांद्याची भाजी कोणाच्या लक्षांतही राहिलेली नसते. शेवेच्या भाजीचा रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्याला घालण्याची पद्धत ह्या कारणानें सोडावी हें बरें. द्राक्षें आणि बेदाणे ह्यांचा तडाखा मूत्रपिंडांवर बसतो. शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत द्राक्षांचा हंगाम आला कीं टोपल्या इकडेही येतात.

सणावारीं तर विचारूं नये. आखाजीला खापरावरची पुरणपोळी, श्रावणांत कानबाईचे रोट. घरच्यांबरोबर कुत्र्यालाही वांटा मिळतो, आणि पाहुणा आलेला प्रत्येक जण आपल्या हातानें एकेक घांस घालतो. तुपाचा आणि गोडाचा असा अवचित भार पडला म्हणजे कांहीं कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा दाह होतो. कुत्रा वारंवार ओकतो, पाठ कमानीसारखी करतो, किंवा पुढचे पाय लांबवून छाती जमिनीला टेकतो आणि मागचा भाग उंच धरून उभा राहतो. हा नमस्कार नव्हे. पोटांतल्या कळेनें घेतलेली ती मुद्रा आहे. अशा वेळीं घरगुती काढ्यांत दिवस घालवूं नये. मटणाच्या दुसऱ्या दिवशीं हाडांचा प्रश्न येतो. शिजलेलें हाड तडकून त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात. त्या कोठेंही रुततात. न रुतल्या तर त्यांचा खडूसारखा कोरडा मळ बनतो, आणि कुत्रा अंगणांत कुंथत बसतो.

ठेलाऱ्यांच्या कुत्र्यांना असल्या लाडांची बाधा नाहीं. ते मैलोगणती चालतात आणि मिळेल ती भाकरी खातात. त्यांचें संकट निराळें. मेलेल्या किंवा कापलेल्या मेंढीचें काळीज, फुफ्फुस कुत्र्यापुढें टाकलें जातें. त्यांत पाण्यानें भरलेल्या गांठी असल्या तर त्यांतील जंत कुत्र्याच्या आंतड्यांत वाढतात. कुत्र्याला कांहींच होत नाहीं, तो धडधाकट दिसतो; पण त्याच्या विष्ठेंतून अंडीं बाहेर पडतात आणि मेंढीच्या, तसेंच माणसाच्या, यकृतांत व फुफ्फुसांत तशाच गांठी धरतात. तान्ह्या मुलाशीं खेळणाऱ्या कुत्र्याला वेळच्या वेळीं जंताचें औषध देणें, हें ह्या दृष्टीनें कुत्र्यापेक्षां घरासाठींच अधिक आहे. पिल्लांना तर दोन आठवड्यांच्या वयापासूनच तें सुरू करावें लागतें. जंतांनीं किंवा अतिसारानें खवळलेलें आंतडें कधीं कधीं दुर्बिणीच्या नळीसारखें स्वतःमध्येंच शिरतें. मग शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर नसतें.

पिल्लांचा मोठा वैरी म्हणजे पार्व्हो. १९७८ साली हा रोग एकदम पुष्कळ देशांत प्रकट झाला आणि तेव्हांपासून तो कुत्र्यांच्या वस्तीला चिकटून राहिला आहे. सहा आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंतचें पिल्लू खाणें टाकतें, सारखें ओकतें, आणि मग रक्तमिश्रित, उग्र वासाचें शौच होऊं लागतें. अंगांतलें पाणी इतक्या वेगानें जातें कीं, एका दिवसाचा उशीर जिवावर बेततो. मानेची कातडी चिमटींत धरून सोडावी. ती लगेच खालीं बसली नाहीं तर पाणी उतरलेलें आहे. लस हाच ह्यावर भरंवशाचा उपाय. जेथें एक पिल्लू दगावलें त्या अंगणांत रोगाचें बीज महिनोन्‌महिने जिवंत राहतें. म्हणून लस न टोंचलेलें दुसरें पिल्लू तेथें लगेच आणूं नये.

घरांतल्या माणसांच्या औषधांविषयीं दोन शब्द. पोट दुखतें म्हणून कुत्र्याला माणसाची वेदनाशामक गोळी देणें हें घातक आहे; आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ह्यांनीं कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडें बिघडतात, आणि पॅरासिटामॉलही त्याला सोसत नाहीं. ओकारी थांबावी म्हणून पोटाची गति वाढविणारें औषध मनानें दिलें आणि आंत हाड किंवा चेंडू अडकलेला असला, तर बंद दारावर जोरानें धक्के मारल्यासारखें होतें.

एक इशारा ह्याहून गंभीर आहे. कुत्रा लाळ गाळतो, गिळतां येत नाहीं, जबडा लोंबतो. घरच्यांना वाटतें, घशांत हाड अडकलें. कोणी तरी धीट माणूस तोंडांत हात घालतो. पिसाळण्याचा जो मुका, लुळा प्रकार आहे त्याचें लक्षण नेमकें असेंच दिसतें. अशा कुत्र्याच्या तोंडांत उघडा हात घालूं नये. लाळ जखमेला लागली असेल तर साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावें आणि त्याच दिवशीं माणसांच्या दवाखान्यांत जाऊन लस घ्यावी. ह्या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर उपाय उरत नाहीं.

आतां शेवटचा प्रकार, ज्याचा उल्लेख आरंभीं आला. मोठ्या अंगाचे, खोल छातीचे कुत्रे, जर्मन शेपर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन, दक्षिण महाराष्ट्रांतील कारवानी शिकारी कुत्रेही, ह्यांच्या जठरांत कधीं कधीं एकाएकीं वायु सांठतो आणि फुगलेलें जठर स्वतःभोंवतीं पीळ घेतें. वरचें दार बंद, खालचेंही बंद. आंतला वायु वाढतच जातो, मोठ्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि जठराचें अस्तर मरूं लागतें. दिवसांतून एकदांच पोटभर जेवणारा, अधाशीपणानें गिळणारा, वयानें उतरलेला कुत्रा ह्याला अधिक बळी पडतो. लक्षण ठळक आहे: कुत्रा ओकण्याचा वारंवार यत्न करतो आणि फेसाखेरीज कांहीं पडत नाहीं, बरगड्यांमागें पोट ताणलेलें लागतें, तो बसत नाहीं, निजत नाहीं, पोटाकडे वळून पाहतो, हिरड्या फिकट होतात. येथें ओवा, हिंग, सोडा ह्यांपैकीं कशाचाही उपयोग नाहीं. वैद्य सुईनें किंवा नळीनें वायु सोडतो, शिरेंतून द्रव देतो, आणि पोट उघडून जठर सरळ करून पोटाच्या भिंतीला शिवून टाकतो, म्हणजे तें पुन्हां फिरूं नये. वेळेवर ही शस्त्रक्रिया झाली तर बहुसंख्य कुत्रे वांचतात. न झाली तर जवळजवळ कोणी वांचत नाहीं.

येथें प्रश्न घड्याळाचा आणि रस्त्याचा असतो. मोठी शस्त्रक्रिया प्रत्येक तालुक्याच्या गांवीं, प्रत्येक घटकेला होईलच असें नाहीं. साक्रीहून धुळ्यास जावयाला मोटारीनें तास-सव्वा तास मोडतो, आणि हें दुखणें पुष्कळदां रात्रींच्या जेवणानंतर उद्भवतें. म्हणून ज्याच्या घरीं असा मोठा कुत्रा आहे त्यानें संकटापूर्वींच चौकशी करून ठेवावी कीं, रात्रीं अकराला शस्त्रक्रिया कोण करतो. निघण्याआधीं तेथें दूरध्वनि करून डॉक्टर आहेत हें निश्चित करावें, नाहीं तर पंचावन्न किलोमीटर जाऊन पुन्हां दुसरीकडे वळण्याची पाळी येते. शेवटचें खाणें किती वाजतां आणि कशाचें, उमासे केव्हां सुरू झाले, शौच केव्हां झालें, कोणतें औषध दिलें, एवढें एका चिठ्ठीवर लिहून घ्यावें. गाडींत पाणी पाजूं नये, पोट चोळूं नये, आणि कुत्रा ज्या बाजूनें आपण होऊन बसेल किंवा उभा राहील तसाच त्याला राहूं द्यावा.